पगारातून कापलेले दोनशे रुपये

मार्च २०२४ मधली गोष्ट. अवसरी खुर्दला उन्हाचा चटका जाणवू लागला होता आणि शाळेत परीक्षांची लगबग चालली होती. पंचक्रोशीतल्या एका लहानशा खाजगी शाळेत मी मराठी शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले. पण दोन-चार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात मला उगीचच मान आहे. त्या मानाची किंमत मला त्या महिन्यात मोजावी लागली. शाळेचा कारकून नोकरी सोडून गेला होता. संस्थेच्या चिटणीसांनी पगाराची वही, चलनांची फाइल आणि संगणकाची किल्ली माझ्यापुढे ठेवली नि म्हणाले, "गुरुजी, व्यवसायकराचं रिटर्न एकतीस मार्चच्या आत गेलं पाहिजे. तुम्ही तीन-तीनशे पानांच्या कादंबऱ्या लिहिता. एवढा एक फॉर्म तुम्हाला जड जायचा नाही."

कादंबरीकाराला आकड्यांचे वावडे असते, असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो खरा आहे. तरीही मी वही उघडली. तोच शाळेत झाडलोट करणाऱ्या, मुलांना पाणी देणाऱ्या आमच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कारकून गेला आणि वही आता गुरुजींकडे आली, हे त्यांना कळले होते.

"गुरुजी, माझ्या पगारातले दर महिन्याला दोनशे कापत्यात. मागल्या महिन्यात तर तीनशे कापले. कुठं जात्यात हे पैसे?"

"सरकारात जातात, मावशी."

"सरकारात म्हंजी कुठं?"

मी गप्प झालो. वीस वर्षे माझ्याही पगारातून हा कर कापला जातो आहे. पण सरकारात म्हणजे कुठे, हे मी कधी विचारले नव्हते. मावशींना "नंतर सांगतो" म्हणून वाटेला लावले खरे, पण प्रश्न टेबलावर तसाच राहिला. पुढचे काही दिवस मी तो फॉर्म भरण्यापेक्षा त्याचा इतिहास शोधण्यातच अधिक वेळ घालवला. तो इतिहास इथे सांगायचा आहे.

२

धंद्यावरचा कर ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मराठी राज्यात त्याला मोहतर्फा म्हणत. अरबीत 'हिर्फत' म्हणजे हुन्नर, कसब. त्यावरून हा शब्द आला. शेतकऱ्याने जमिनीचा सारा द्यायचा, तर वाणी, साळी, तेली, रंगारी यांनी आपल्या दुकानावर, मागावर, घाण्यावर मोहतर्फा द्यायचा. गावच्या बलुतेदारांच्या मिळकतीवरही निराळी पट्टी बसे. वसुली पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून होई. म्हणजे कर देणारा एक, घेणारा दुसरा आणि मधे हिशेब लिहिणारा तिसरा, ही घडी तेव्हापासूनची आहे.

आमच्या शेजारच्या जुन्नरचा या हिशेबाशी एक जवळचा संबंध आहे. जुन्नरात कागद करणाऱ्या कागद्यांची वस्ती होती आणि जुन्नरी कागदाला पेशव्यांच्या दफ्तरात मोठी मागणी होती. साळ्याच्या मागावरची पट्टी ज्या कागदावर मोडीत टिपली जाई, तो कागदही कुणा कसबी माणसाच्या हातचाच असे, ही मला मौजेची गोष्ट वाटते.

पण मोहतर्फ्याचा पैसा कशासाठी, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारीत नसे. राजाचा हक्क म्हणून तो घ्यायचा आणि रयतेने द्यायचा, इतकेच. इंग्रजी अमलातही तो काही काळ तसाच चालला. शेवटी १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातले मोहतर्फा, बलुते-कर आणि धंद्यांवरच्या इतर पट्ट्या रद्द झाल्या. कायद्यात या देशी करांची नावे एकापाठोपाठ एक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आहेत.

३

तो कर पुन्हा आला, तो दुष्काळाचे बोट धरून. १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतली माणसे खडी फोडायला आणि रस्त्यांची माती ओढायला सरकारी कामांवर गेली. रिचर्ड टेंपल या साहेबाने ठरवले, की मजुराला दिवसाला एक रतल धान्य पुरे. एवढ्या अन्नावर दिवसभर काम होईना. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या कामांवरून हजारो मजूर उठून निघून गेले. तो त्यांचा संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली आणि गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली.

दुष्काळ पुन्हा येणार हे सरकारलाही कळत होते. म्हणून लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत ठरले, की दरसाल दीड कोट रुपये दुष्काळाच्या तजविजीसाठी राखावेत. त्यासाठी जे नवे कर बसले, त्यांत १८७८ चा लायसन्स कर होता. म्हणजे व्यापारावर, हुन्नरावर आणि दुकानदारीवर बसवलेली पट्टीच. मोहतर्फा रद्द होऊन पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती.

या करात दोन खोडी होत्या. पहिली अशी, की तो किरकोळ दुकानदाराच्या आणि कारागिराच्या बोकांडी बसला. मोठ्या पगाराचे सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टर मात्र मोकळे राहिले. सुरतेत त्या वर्षी एप्रिलमध्ये दुकाने बंद झाली आणि दंगल उसळली. दुसरी खोड अधिक वाईट होती. कर बसला, वसूल झाला. आणि तेवढ्यात अफगाणिस्तानच्या लढाईचा खर्च आला. दुष्काळासाठी जी रक्कम बाजूला काढायची, ती बाजूला राहिली नाही. उपाशी माणसाच्या नावाने घेतलेला पैसा त्याच्यासाठी राखून ठेवला गेला नाही. वर्तमानपत्रांनी टीका केली, सभांनी अर्ज केले. पुढे १८८६ च्या प्राप्तीवरील कराच्या कायद्यात हा लायसन्स कर विरून गेला.

मला वाटते, या हकीकतीत आपल्या व्यवसायकराची पहिली चूक लिहून ठेवलेली आहे. कर कुणावर बसवला, ही अर्धी गोष्ट. कुणाच्या नावाने बसवला आणि तो त्याला पोचला की नाही, ही उरलेली अर्धी.

४

यानंतर मी थेट १९७२ सालावर येतो. कारण तिथून ही गोष्ट आमच्या घरात शिरते.

त्या साली पाऊस गेला. आदली दोन वर्षेही अनेक भागांत कोरडीच गेली होती. आमच्या आंबेगाव तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात धो धो पाऊस, आणि मंचरच्या पूर्वेला तोच पाऊस थोडक्यात आटोपतो. आज डिंभे धरणाचे पाणी खाली आले, बटाटा आणि कांदा झाला, ऊस उभा राहिला. त्या वेळी यातले काही नव्हते. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. मला लहानपणी ती सांगे:

"बाळा, सकाळच्याला हजेरी व्हायची. मुकादम नाव घ्यायचा. एक दिस नाव राहिलं तर त्या दिसाचं काम फुकट. हाताला घट्टे पडले, पर घरी चूल पेटली."

कामावर सुकडी मिळे. रेशनला परदेशी तांबडा मिलो मिळे, त्याची भाकर जीभ घेईना. पण ती खाऊन माणसे जगली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. एवढ्या माणसांना काम देणे सरकारला जमले, ही त्या दुष्काळाची शिकवण ठरली. संकटात काम देता येते, तर एरवी का देऊ नये?

हा प्रश्न एका माणसाच्या मनात त्याआधीपासून घोळत होता. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क असावा आणि ते देणे राज्याचे कर्तव्य असावे, ही त्यांची कल्पना. साठीच्या दशकात त्यांनी आपल्या तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी ती उतरवली. १९७२ च्या महाराष्ट्र दिनी रोजगार हमी योजना जाहीर झाली. दुष्काळाच्या धामधुमीत ती मागे पडली, आणि दुष्काळ सरल्यावर नव्याने सुरू झाली. 'मागेल त्याला काम' हे तिचे ब्रीद. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते दिले नाही, तर बेकारभत्ता द्यायचा. बाई आणि बाप्या यांना एकाच कामाला एकच दाम द्यायचा. एका राज्याने कायद्याने एवढे पत्करणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण हमी द्यायची तर पैसा हवा. तो कुठून आणायचा?

५

इथे आपला दोनशे रुपयांचा प्रश्न सुटतो. १९७५ साली विधिमंडळाने व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा कायदा केला. कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. तो बसवला गेला रोजगार हमीसाठी. मोटारींवरचा, विक्रीवरचा, ओलिताच्या जमिनीवरचा असे आणखी काही जादा कर याच कामासाठी होते. आणि या सगळ्यांतून जेवढे जमेल, तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. या सर्व करांत व्यवसायकराचा वाटा मोठा होत गेला. मुंबईच्या कचेरीतला कारकून, पुण्याच्या कारखान्यातला फिटर, प्राध्यापक, वकील, डॉक्टर या साऱ्यांनी खेड्यातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीत वाटा उचलायचा. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार आहे, त्याने ज्याला उद्याचे काम नाही त्याच्यासाठी काही द्यायचे, असा हा साधा व्यवहार आहे. १८७८ साली जे पगारदार सुटले होते, ते या वेळी सुटले नाहीत.

आता हा कर गोळा कसा करायचा, ते पाहू. लाखो नोकरांच्या दारी सरकार जाऊ शकत नाही. म्हणून कायद्याने मालकाला मधे उभे केले. ज्याच्याकडे कर लागण्याजोग्या पगाराची माणसे आहेत, त्याने तीस दिवसांत नोंदणी करायची, पगार देतानाच कर कापायचा, चलनाने भरायचा आणि विवरणपत्र द्यायचे. मालकाला दोन कागद लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक नोकरांचा कर भरण्यासाठी नोंदणीचा, आणि दुसरा स्वतःच्या धंद्याबद्दल स्वतःचा कर भरण्याचा. ज्याचा आदल्या वर्षीचा कर लाखाच्या आत आहे, त्याने वर्षातून एकदा, मार्चअखेर, मार्च ते फेब्रुवारी या बारा महिन्यांच्या पगारांचे विवरण द्यायचे. मोठ्या कारखान्याने ते दर महिन्याला द्यायचे. पूर्वी हे काम विक्रीकर खात्याकडे होते. २०१७ साली त्या खात्याचे नाव बदलून वस्तू व सेवाकर विभाग झाले, तरी कर तोच.

कायद्यात एक वाक्य फार नेमके आहे. मालकाने कर कापला असो वा नसो, तो भरण्याची जबाबदारी त्याची. म्हणजे "मी नोकराकडून घेतलाच नाही" ही सबब चालत नाही. आणि घेऊन भरला नसेल, तर काय म्हणायचे? तो पैसा मालकाचा नव्हेच. पूर्वी पाटील-कुलकर्ण्यांच्या हातात रयतेची पट्टी असे, तसा तो त्याच्या हातात ठेवलेला आहे.

मावशींचा दुसरा प्रश्न, फेब्रुवारीत तीनशे का, हाही याच कायद्यात सुटतो. प्राप्तीवर कर बसवण्याचा हक्क केंद्राचा. राज्यांनी व्यवसायकराच्या नावाखाली दुसरा प्राप्तिकर सुरू करू नये, म्हणून राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात त्याला वरची मर्यादा घातली आहे: एका माणसाकडून वर्षाला अडीचशे रुपये. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार झाली. अडीच हजार बारा महिन्यांत सारखे वाटले जात नाहीत. म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. राज्यघटनेचे एक कलम आमच्या शाळेच्या पगाराच्या वहीत दरवर्षी फेब्रुवारीला असे उतरते.

६

मग सारे ठीक चालले काय? नाही. ते सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही.

हमीने गावोगाव पाझर तलाव, बांध, रस्ते दिले. बायकांच्या हाती स्वतःची मजुरी आली. पण हजेरीपटावर खोटी नावेही चढली. १९८८ साली किमान वेतन वाढले आणि योजनेवरची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. माणसाला न्याय्य दाम मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्या मानाने कामे निघेनात आणि हजेरी घसरू लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनेची मर्यादा दहापट झाली. म्हणजे एका अंगाने कर वाढत गेला आणि दुसऱ्या अंगाने खडी फोडणाऱ्यांची रांग, गरज असूनही, लहान होत गेली. हमीच्या नावाने जमलेला पैसा आणि त्यात सरकारने घालायचा जोडवाटा यांच्या मानाने प्रत्यक्ष खर्च कित्येक वर्षे कमीच राहिला. लिटनच्या काळी पैसा लढाईकडे वळला. इथे लढाई नव्हती, पण ज्याच्या नावाने घेतला त्याच्यापर्यंत सगळा पोचला असेही म्हणता येत नाही. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला; त्यात महाराष्ट्राच्या अनुभवाचा मोठा हात होता. त्यानंतर मजुरीचा बराच भार दिल्लीने उचलला. व्यवसायकर मात्र चालूच राहिला. आणि तो कशासाठी सुरू झाला होता, हे पगाराच्या चिठ्ठीवर कुठेही लिहिलेले नसल्यामुळे, देणारे विसरून गेले. मीही विसरलेल्यांपैकीच होतो. ज्या आजीच्या हाताचे घट्टे मी पाहिले, तिच्यासारखीच्या मजुरीत माझा वाटा जातो, हे मला वीस वर्षे कळले नव्हते.

७

आता पुन्हा शाळेच्या वहीकडे येतो.

चलनांची फाइल चाळताना दोन गोष्टी सापडल्या. पहिली मावशींची. १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ झाला होता. मावशींचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. आमच्या कारकुनाला नवा नियम कळला नाही म्हणा किंवा कळूनही त्याने मनावर घेतले नाही म्हणा. त्यांचे पैसे कापले जातच राहिले. एप्रिल ते जानेवारी दहा महिन्यांचे दोन हजार आणि फेब्रुवारीचे तीनशे, मिळून तेवीसशे रुपये. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. त्याआधीच्या वर्षाचा सगळ्यांचा कर कापलेला होता. वहीत सह्या होत्या, पण चलनच नव्हते. भरलेलाच नव्हता. पैसे संस्थेच्या खात्यात राहून कुठल्याशा बांधकामाला लागले होते.

मी वही घेऊन चिटणीसांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांनी डोक्याला हात लावला.

"गुरुजी, शाळेच्याच कामाला लागले ना पैसे? कुणी खिशात तर घातले नाहीत!"

"लॉर्ड लिटननेही खिशात घातले नव्हते," मी म्हणालो.

त्यांना संदर्भ कळला नाही आणि तो सांगण्याची ती वेळही नव्हती. मी त्यांना एवढेच सांगितले, की हे पैसे शाळेचे नव्हते आणि आपलेही नव्हते. आपल्या पंधरा माणसांनी ते दुसऱ्या कुणासाठी आपल्या हातात दिले होते. वर व्याज आणि विलंबाचे हजार रुपये शुल्क लागेल, ते संस्थेने सोसले पाहिजे. माणसांकडून पुन्हा कापता येणार नाही. चिटणीस बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "भरा. काय होईल ते भरा." त्यांच्या वडिलांनीही त्या दुष्काळात खडी फोडली होती, हे मला त्या संध्याकाळी त्यांच्याच तोंडून कळले.

एकतीस मार्चच्या दोन दिवस आधी मी जुन्या वर्षाचा आणि नव्या वर्षाचा असे दोन्ही कर भरले, विवरणपत्रे पाठवली. संगणकाने एक पोचपावती दिली. तिच्यावर शाळेचे नाव, नोंदणीचा क्रमांक आणि रक्कम. दुसरे काही नाही. १८७८ च्या करालाही पावत्या होत्या, मोहतर्फ्यालाही होत्या. पावतीने सगळे साधते असे नाही. पुढे तिजोरीत गेलेल्या पैशाचे काय होते, ते मला अवसरीत बसून पाहता येत नाही. तो हिशेब मागायला विधिमंडळ आहे, मतदार आहेत. पण आमच्या टेबलापासून तिजोरीपर्यंतचा हिशेब आमचा होता, आणि तो दोन वर्षे चुकला होता.

मावशींना तेवीसशे रुपये परत दिले. त्यांनी नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि पुन्हा विचारले, "मग गुरुजी, तुमचे दोनशे कुठं जात्यात?"

मी त्यांना रोजगार हमीची गोष्ट सांगितली. त्या उंबऱ्यावर टेकल्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "माझी सासू जायची त्या कामाला. मीबी दोन उन्हाळं गेले व्हते, लगीन झाल्यावर." थोडे थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, "तवा कुणी सांगितलं असतं, की मंबईचा माणूस आपल्यासाठी पैसं देतोय, तर बरं वाटलं असतं."

मग त्या उठल्या आणि वर्ग झाडायला गेल्या.